मिस्साच्या वेळी काढलेला फोटो

नाही, तू बस, उठू नकोस. प्रस्तावना लिहिणार नाही असं मी म्हटलेलंच नाही. मी म्हटलं, आधी पुस्तकाबद्दल बोलू — या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोक काय करतात, चहा पिता पिता पानं उलटतात, काय उजेड पकडलाय म्हणतात आणि दोन पानं लिहून देतात. मला ते जमत नाही. मी सगळी नोकरी वसईचा वार्ताहर म्हणून काढली, इथून मुंबईच्या पेपरला बातम्या पाठवायचो, आणि बातमीबरोबर जो फोटो जायचा तो आधी या भिंगाखालून जायचा. हेच ते भिंग. हस, हस. तुम्ही दोन बोटांनी फोटो मोठा करता ना, त्यात काय होतं, जे बघायचंय तेवढंच मोठं होतं. भिंग कडेकडेनं फिरवावं लागतं. आणि फोटोग्राफरनं जे लपवलेलं असतं — बरं, लपवलेलं नाही म्हणत, राहून गेलेलं म्हणतो — ते नेहमी कडेला असतं.

तर तू पुस्तकाची ही नमुना प्रत, डमी, ठेवून गेलास तेव्हापासून मी हेच करतोय. हे कच्छचं रण. क्षितिजापर्यंत पांढरं, आणि मधोमध एक मोडकी पाटी, पाटीवरचं नाव उन्हानं खाल्लेलं. सुंदर आहे. सुंदर म्हणताना असा माझ्या तोंडाकडे बघू नकोस, मी खरंच म्हणतोय. तुझ्या हातात कसब नसतं ना, तर लिफ्ट बंद असताना तिसऱ्या मजल्यावर चढवून तुला घरात घेतला नसता, खालूनच वाटेला लावला असता. आणि हे नामिबियातलं, हिऱ्यांच्या खाणीचं गाव — हिरे संपले, माणसं गेली, वाळू घरात आली. या खोलीत ती पार खिडकीपर्यंत चढलीय. दार अर्धं उघडं आहे आणि ते आता ना उघडणार ना मिटणार, वाळूनं धरून ठेवलंय त्याला. भिंतीचा निळा रंग मात्र जागच्या जागी. या पानावर मी बराच वेळ होतो. माझी बायको गेल्यावर मीही अशीच एक खोली बरेच दिवस — ते राहू दे. सांगायचं काय, की खाली एक ओळ नाही. गावाचं नाव, साल, संपलं. कोण राहायचं या निळ्या खोलीत? साहेब की मजूर? मजूर असेल तर खाण बंद झाल्यावर तो गेला कुठे, कोणी नेला, की त्याचं तो चालत गेला? तू म्हणशील, सर, हे फोटोंचं पुस्तक आहे. असेल. पण गाव रिकामं दिसलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो उजेडाचा नाही येत, माणसं गेली कुठे हा येतो. वाईट सवय.

आता हे घे, जैसलमेरच्या पलीकडचं. दगडी घरं, छपरं बसलेली, गल्लीत चिटपाखरू नाही. भिंग धर. धर ना, चावत नाही ते. डावीकडे खाली, उंबऱ्यापाशी, काय आहे? खडे? खडे नाहीत ते. बकरीच्या लेंड्या आहेत, आणि ताज्या आहेत — काळ्याभोर, चकचकीत. वाळलेली लेंडी अशी दिसत नाही. मी वाडीत वाढलोय, लेंडी मला शिकवू नकोस. म्हणजे तुझ्या भुताच्या गावात बकऱ्या आहेत. बकऱ्या आहेत म्हणजे त्या वळणारा कोणीतरी आहे. — होता ना? म्हातारा? बघ. मग तो कुठाय? बाजूला. तू म्हणालास, बाबाजी, जरा सरकून उभे राहा, आणि तो सरकला. पाणीसुद्धा दिलं असेल त्यानं तुला. — ताक? त्या उन्हात तुला त्यानं ताक दिलं, आणि पुस्तकात त्याच्या बकरीची लेंडी आली, तो नाही आला. मी भांडत नाहीये, मी तुझी कामाची पद्धत समजून घेतोय. पहाटे जायचं, उजेड तिरका असताना. ट्रायपॉड लावायचा. आणि वाट बघायची. कसली? तर शेवटचा माणूस चौकटीतून बाहेर जाण्याची. मी इतके फोटोग्राफर स्कूटरवर मागे बसवून फिरवले, पुरात, मोर्चात, मिठागरात. ते सगळे माणूस चौकटीत यायची वाट बघायचे. तेवढाच फरक.

बरं. आता शेवटची चार पानं. सगळी वाळवंटं झाली, परदेश झाला, आणि मग हे काळं पान, त्यावर पांढऱ्या अक्षरात — मुंबईपासून दोन तासांवर. आणि मग खारभाट. वटारच्या पुढे, समुद्राच्या बाजूला, सुरूच्या रांगेच्या अलीकडे. माझा चेहरा बघून तुला आता थोडं थोडं कळायला लागलं असेल. इग्नेशियस, निवृत्त पत्रकार, विरार पश्चिम — एवढ्यावरून कोणाला काय कळणार, वसईत इग्नेशियस काय थोडे आहेत. मी तिथला. आणि हे जे घर तू दोन पानं भरून छापलंयस, खिडक्या मिटलेल्या, दार मिटलेलं, ओट्यावर केळीचं एक वाळकं पान — हे पान तू ठेवलंस की आपसूक आलं? बरं, आपसूक — तर हे माझ्या बहिणीचं घर आहे. क्लारा. माझ्याहून थोरली. आमच्या वडिलांनी बांधलं, ती नवरा वारल्यावर मुलीला घेऊन परत आली आणि तिथेच राहिली. राहते, हर्षवर्धन. राहत होती नव्हे. या घटकेला ती मागच्या पडवीत बसून राजेळी केळी सोलत असेल, उन्हात वाळवून सुकेळी करायला.

थांब, मला पुरं करू दे, मग बोल. तुला वाटतंय म्हाताऱ्याच्या बहिणीचं घर छापलं म्हणून म्हातारा तापलाय. तसं नाही. हा फोटो तू पुस्तकाच्या आधी इन्स्टाग्रामवर टाकलास, वर लिहिलंस, मेलेलं गाव. लोकांनी लाल बदाम दिले. इथपर्यंत ठीक. पण तिथे एका कंपनीला रिसॉर्ट करायचंय — समुद्र दिसणाऱ्या खोल्या, मध्ये निळं तळं, जे असतं ते सगळं — आणि त्याला आमच्या आळीतून रस्ता हवाय, आळी उचलून दुसरीकडे ठेवायची परवानगी हवीय. त्यांनी अर्ज केला. अर्जाला काय जोडलं? हा. रंगीत, मोठ्या कागदावर. खाली टाइप करून: वस्ती निर्जन, घरे वापरात नाहीत. — विकला नाहीस, माहीत आहे. त्यांनी उचलला, तुला विचारलंसुद्धा नाही, तेही माहीत आहे. मी चौकशी केल्याशिवाय तोंड उघडत नाही. पण हरकतींच्या सुनावणीत त्यांच्या वकिलानं हा कागद वर धरला आणि म्हणाला, साहेब, आपण डोळ्यांनीच बघा. मी उठलो, म्हटलं, साहेब, माझी सख्खी बहीण राहते त्या घरात. वकील शांतपणे म्हणाला, मग फोटोत कुठे आहेत त्या? आणि लोक हसले. मागे बसलेले, आमच्याच बाजूचे लोक. मी पत्रकार परिषदांमध्ये भल्याभल्यांना पाणी मागायला लावलेला माणूस, आणि तिथे मला उत्तर सुचलं नाही. घरी येऊन सुचलं. घरी आल्यावर सगळंच सुचतं.

त्याच आठवड्यात तुझा फोन — सर, एक पुस्तक करतोय, ओसाड जागांचं, तुम्ही चार शब्द लिहाल का. मी म्हटलं, देव आहे.

तर उत्तर असं. तू मंगळवारी यायचंस, पुढची सुनावणी आहे, आणि एकच गोष्ट सांगायची: हा फोटो रविवारी सकाळी काढलाय. रविवारच होता ना? — होता. मला कसं कळलं? भिंगानं. हा अंगणातला क्रूस बघ, त्याच्यावर झेंडूचा हार आहे, एक पाकळी कोमेजलेली नाही. क्लारा हार शनिवारी संध्याकाळी घालते, आई घालायची तसा, आणि पुढच्या शनिवारपर्यंत त्याचा पार चोथा होतो. म्हणजे रविवार. आणि सावली लांब, म्हणजे सकाळ. आता तुझे वडील साताऱ्याकडचे, तुम्ही राहता विरारला फ्लॅटमध्ये, तुला कोणी सांगितलं नसेल: आमच्याकडे रविवारी सकाळी आळीच्या आळी चर्चमध्ये असते. तापानं फणफणलेला सोडला तर घरात कोणी सापडत नाही. चोरसुद्धा रविवारी सकाळी येतात, मी बातमी केलेली आहे त्यावर. तू नेमका मिस्साच्या वेळी पोचलास, रस्त्यावर कोणी नाही, ओट्यावर कोणी नाही, आणि तुला वाटलं सापडलं बुवा, नामिबियाला जायलाच नको होतं. प्रार्थनेला गेलेल्या गावाचा फोटो काढून तू त्याला मेलेलं म्हणालास. एवढंच त्या अधिकाऱ्यासमोर बोल. माफी वगैरे नको, मला माफीत रस नाही. दुरुस्ती हवी. पेपरात आम्ही चुकलो की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापायचो, बोटभर जागेत, कोणी वाचायचं नाही, पण छापायचो.

आणि दुसरं. वकील विचारेल, दोरीवर कपडे कसे नाहीत, अंगणात सुपं नाहीत, बादली नाही, सुकेळ्यांचा मांडव नाही. त्याचंही उत्तर आहे माझ्याकडे. तू आदल्या दिवशी येऊन जागा बघून गेला होतास ना? — हो ना, तुम्ही आधी बघून जाता. कोणाला तरी म्हणाला असशील, उद्या फोटो काढायला येतो. मग झालं. कॅमेरेवाला पाहुणा येणार म्हटल्यावर आमच्याकडे काय करतील? अंगण झाडतील, शेणानं सारवतील, कपडे काढतील, सुपं आत नेतील, बादल्या मागे. तुझ्या घरी कोणी यायचं असलं की तुझी आई सोफ्यावरचे टॉवेल उचलते की नाही, तसंच. त्यांनी तुझ्यासाठी घर आवरलं, आणि आवरलेलं घर बघून कंपनी म्हणते इथे कोणी राहत नाही. घाण ठेवली असती तर वाचले असते.

कोण कोण राहतं? विचार, बेधडक विचार, वकीलही विचारणारच आहे. क्लाराच्या उजवीकडे फेबियनचं घर. फेबियन कॅनडात असतो, पण घर बंद म्हणायचं नाही हां, नाताळला येतो तो. म्हणजे गेल्या नाताळला जमलं नाही. त्याच्या आधी आला होता. म्हणजे नाताळला नव्हे, आईला पुरायला आला होता, पण आला होता, घर उघडलं होतं, माझ्या डोळ्यांसमोर. क्रुसाच्या समोरचं कॅल्विनचं. तो पोरांच्या शाळेसाठी वसईला गेला, पण घर भाड्यानं दिलंय. जव्हारकडची कुटुंबं आहेत, बांधकामावर जातात. वकील म्हणेल, ते हंगामी. का, हंगामी माणूस माणसात धरत नाहीत? ज्यांनी तुमच्या विरारच्या इमारती बांधल्या ते हंगामी, आणि त्यात हप्ते भरत बसलेले तुम्ही कायमचे? हे मी मंगळवारी बोलणार आहे, लिहून ठेवलंय. ती माणसं पावसाळ्यात गावी जातात, भात लावायला. गेल्या पावसाळ्यात गेली ती — येतील. काम दुसरीकडे मिळालं असेल सध्या. कोपऱ्यावरचं चॅपेल चालू आहे, मे महिन्यात तिथे रोझरी होते, माळेची प्रार्थना. क्लारा सांगते ती एकटीच — ती सांगते, आवाज घुमतो. चॅपेलच तसं आहे, घुमणारं.

माणसं उगाच गेली नाहीत, हेही लिहून घे. तू पुस्तकात लिहिणार नसशील तर निदान डोक्यात. आमच्याकडे प्रत्येक आळीला बावखल असायचं, गावानं खणलेलं तळं. त्यात गोडं पाणी साठायचं म्हणून विहिरी गोड राहायच्या. ती बुजवली, टँकरनं पाणी उपसून नेलं, आणि समुद्र जमिनीखालून आत आला. कोणाला दिसला नाही, लाट नाही, आवाज नाही. एक दिवस चहा खारट लागला. मग नारळाच्या झावळ्या तांबूस पडल्या, केळ खुरटली. क्लारा आता गिरीजहून केळी विकत आणते सुकेळ्यांसाठी — खारभाटची बाई विकतची केळी आणते, आमचा बाप ऐकेल तर कबरीतून उठेल. तुला वाळवंट बघायचं होतं ना, तुझ्या पायाखाली होतं, तू ट्रायपॉड त्याच्यावरच उभा केलास. पण ते फोटोत येत नाही, म्हणून त्याची बातमी होते, म्हणजे व्हायची, आता होत नाही. मी सात भागांची मालिका लिहिली होती. सातवा छापला नाही, जाहिरात आली.

काय करतोयस बोटांवर? मोजतोयस? — हो. एक. एकटी क्लारा. बरोबर मोजलंस. पण मंगळवारी मी एक म्हणणार नाही, मी वस्ती आहे म्हणणार, आणि एका माणसाची वस्तीसुद्धा वस्तीच असते, बघू कोण नाही म्हणतो ते. घरात माणूस आहे तोवर ते घर निर्जन नाही. एवढी साधी गोष्ट.

मी का राहत नाही तिथे? चांगला प्रश्न आहे, मीही हाच विचारला असता. नोकरी होती तोवर विरारला राहणं भाग होतं, रात्री उशिरा बातमी द्यायची, पहाटे पुन्हा निघायचं. नंतर बायकोचं दुखणं, हॉस्पिटल जवळ हवं. नंतर ती नव्हती, पण हॉस्पिटलची सवय मला लागली. आता गुडघे. आणि खरं सांगू का, तिथे रात्री इतकं शांत असतं की माझ्या कानात — असो. मी इथे असलो म्हणून हलगर्जी नाही करत. सगळे अर्ज मी लिहिले, सगळ्या तारखांना मी जातो, क्लाराला मी कचेरीचा जिना चढायला लावलेला नाही. फोनवर तिला सगळं सांगतो, अधिकारी काय म्हणाला, मी काय म्हणालो. ती हूं म्हणते. क्लारा फार बोलत नाही. हूं म्हणाली म्हणजे पटलं.

काय? — मिस्साला कोण नव्हतं गेलं?

नाही, तुझी गफलत होतेय. क्लारा मिस्साला होती. रविवारी सकाळी ती घरात असूच शकत नाही, मी तुला एवढा वेळ तेच सांगतोय. दुसरी कोणी बाई असेल, कॅल्विनच्या भाडेकरूंपैकी — हो, ते गेलेत, आता मीच म्हटलं. कशी होती दिसायला? — चष्म्याला नाडी. काळी नाडी, बुटाची. बरं. ती तीच. पण ती रविवारी घरी कशी? आमचा बाप गेला त्या रविवारीसुद्धा ती आधी मिस्साला गेली आणि मग रडली. आजारी होती? — नव्हती. तुला कॉफी दिली. म्हणजे तू आदल्या दिवशी जे सांगून गेलास ते तिलाच सांगून गेलास. आणि तिनं तुझ्यासाठी मिस्सा चुकवली. मला बोलली नाही. रविवारी संध्याकाळी मी फोन केला होता, विचारलं, फादर काय बोलले प्रवचनात. म्हणाली, नेहमीचंच.

बरं, मग खिडक्या तू लावायला सांगितल्यास. जैसलमेरच्या बाबाजीला सरकवलंस तसं. हे मंगळवारी कबूल करावं लागेल तुला, सांगून ठेवतो. — नाही? स्वतःहून? तिनं स्वतः उठून सगळ्या खिडक्या लावल्या, आणि तू उलट म्हणालास की राहू देत, आजी, तुमचा पण एक काढतो ओट्यावर? असं म्हणालास तू? खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. — मग ती काय म्हणाली?

पुन्हा सांग.

मी गेल्यावर घर कसं दिसेल ते बघायचंय मला — असं म्हणाली ती.

गेल्यावर म्हणजे काय, तिला काही — डॉक्टर काही बोलले का? — टिफनीकडे. हो, टिफनी कोण ते तू मला सांगू नकोस, तिची मुलगी आहे, माझी भाची आहे, पुण्याला असते, मी तिला शाळेत सोडायचो. ती नेणार आहे क्लाराला. कधी? पावसाच्या आधी. ठरलंय. फोटो टिफनीच्याच नंबरवर पाठवायला सांगितला, म्हणजे टिफनीलाही माहीत आहे. आणि तुला माहीत आहे. पाठीला कॅमेऱ्याची पिशवी लावून आलेल्या, कालपरवा ओळख झालेल्या पोराला माहीत आहे, आणि जो माणूस तिच्यासाठी तारखांमागून तारखा —

तिच्यासाठी.

तिनं मला कधी म्हटलेलं नाही तसं. तू काही बोलू नकोस, मी माझ्याशी बोलतोय. तिनं कधी म्हटलं नाही की इग्नेश, हरकत घे. मी म्हटलं, सही कर, तिनं केली. मी म्हटलं, आपण घर सोडायचं नाही, हूं. आपण. मी इथे तिसऱ्या मजल्यावर, नळाला गोडं पाणी, खाली मेडिकल, आणि ती तिथे टँकरची वाट बघत, घुमणाऱ्या चॅपेलात एकटीनं रोझरी म्हणत, आणि मी फोनवर म्हणतोय, आपण. मला वाटायचं तिला धीर देतोय. माझ्या सुनावणीला एक माणूस लागत होता, त्या घरात दाखवायला.

माझं नाव तुला कोणी दिलं? नाही, खरंच, मी विचारलंच नाही. मला वाटलं लायब्ररीतल्या कोणीतरी — तिनं? माझा भाऊ पेपरात होता, त्याच्याकडून लिहून घे. आणि? — त्याला पुस्तक दाखव. पुस्तक दाखव म्हणाली. नुसतं लिहून घे नाही म्हणाली, दाखव म्हणाली. तिच्या तोंडानं सांगता येईना म्हणून तुला पाठवलंन. आणि मी तुला पाऊण तास लेंड्या दाखवतोय.

आण ते पुस्तक इकडे. ते पान. भिंग कुठे ठेवलं मी — तुझ्याच हातात आहे. दे.

हे बघ, हर्षवर्धन, जे झालं ते झालं. मंगळवारचं काय करायचं ते बघू, तिला जायचं असेल तर जाऊ दे, तिचा हक्क आहे, पण जाईपर्यंत तरी तिला निर्जन म्हणून चालणार नाही. मला नीट सांग, फोटो काढलास तेव्हा ती कुठे उभी होती. तुझ्या मागे? झाडाखाली? कारण तुझ्या मागे उभी होती असं तू म्हणालास तरी मला — कुठे? आत?

कुठल्या आत? या? या खिडकीच्या मागे? दार लावून आत जाऊन बसली, फोटोत येऊ नये म्हणून. म्हणजे आता, या पानावर, ती इथे आहे. या फळीच्या मागे. मी इतके दिवस भिंग फिरवतोय यावर. क्रूस बघितला, हार बघितला, सावली बघितली. धूर नाही हेही बघितलं, आणि मनात म्हटलं, मिस्साला जाताना चूल विझवून गेली असेल. ती आत बसायची म्हणून विझवली होती. तुझ्या फोटोत धूर नको.

आत जाताना काही म्हणाली? — झालं की हाक मार. बरोबर. पाहुण्याचं काम आहे, त्याला पाहिजे तेवढा वेळ घेऊ दे, आपण मध्येच दार उघडून त्याचं मोडायला नको. तशीच आहे ती. मग मारलीस ना हाक?

हर्षवर्धन, मी विचारतोय काहीतरी.

हो, उजेड सपाट झाला असेल. सूर्य वर आला असेल, तुला अजून समुद्राची बाजू करायची असेल, तिकडून परत येताना दुसऱ्या वाटेनं — नाही, मी समजू शकतो. राहून गेलं. तुम्हा लोकांचं राहून जातं. रडतोस कशाला, मी ओरडलो का तुझ्यावर? पुरुषासारखा — जाऊ दे, तेही नको. डोळे पूस.

अंधारात बसली असेल. बाहेर कोणी आहे की गेलं ते कळायला मार्ग नाही, फट नाही त्या खिडक्यांना, बापानं स्वतः रंधा मारून बसवल्यात. एवढं शांत असतं तिथे. केव्हातरी दार उघडून बघितलं असेल आणि अंगणात कोणी नाही.

ते पुस्तक उचल. नाही, प्रस्तावना नंतरही नाही. मंगळवारी येऊ नकोस. मी — माझं मी बघेन, तो तुझा विषय नाही. तू जा. कॉफीचा कप ठेव तसाच, मी विसळेन. सोडायला कशाला येतोस, बस जाते वटारपर्यंत, पुढचं मला डोळे मिटून माहीत आहे. फोन नको म्हटलं ना, क्लाराला फोनवर विचारायची गोष्ट नाही ही. बाजूला हो दारातून, चपला घालू दे.